लांबच्या फ्लाइटवर काम करायचं, तर

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची धाकटी लेक परवा पेढे घेऊन आली. केबिन क्रूचं ट्रेनिंग संपलं, विंग्ज म्हणजे गणवेशावरचा पंखांचा बिल्ला मिळाला, आणि पहिल्याच रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूट्यांच्या वेळापत्रकात, लंडन. "ताई, काय काय लक्षात ठेवू?" असं तिनं चपला घालता घालता विचारलं. दारात उभं राहून सांगण्यासारखं हे नाही. अकरा वर्षं मी लांब पल्ल्याच्या विमानांवर काम करते आहे आणि नाशिकचं घर सोडलेलं नाही. म्हणून तिच्यासाठी, आणि नाशिकहून या कामाला निघणाऱ्या तिच्यासारख्या सगळ्यांसाठी, हे लिहायला घेतलं. समोर तीच बसली आहे असं समजून 'तू' म्हणते आहे.

अंबाडा, नखं, लिपस्टिकचा रंग, हे ट्रेनिंगमध्ये घोटून घेतात. त्यात मी वेळ घालवणार नाही. मला सांगायचं आहे ते वेळेबद्दल. या कामात आत्ता किती वाजलेत याची उत्तरं एकाच क्षणी चार असतात: रोस्टरवर एक, खिडकीबाहेर एक, समोरच्या माणसाच्या पोटात एक आणि तुझ्या स्वतःच्या डोळ्यांत एक. ती चारही ओळखता आली की निम्मं काम जमलं.

रोस्टर

रोस्टरवरच्या वेळा बहुतेक ठिकाणी झुलूत असतात, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत. आपण साडेपाच तास पुढे. तिकडे १८:३० वाजले की नाशिकमध्ये तारीख बदलते. चुका होतात त्या इथेच, आणि हुशार मुलींच्याही होतात.

पहिल्या वर्षी माझं एकदा १४ तारखेला १९:३० झुलूला रिपोर्टिंग, म्हणजे ड्यूटीवर हजर व्हायचं, होतं. मी साडेपाच तास मिळवले: रात्रीचा एक, तारीख १५. गणित बरोबर होतं. पण घरी मी सांगितलं, "पंधरा तारखेला रात्री एक वाजता." आणि मग आईच्या डोक्यात आणि माझ्याही डोक्यात पंधराची रात्र बसली. चौदाच्या रात्री सव्वा वाजता फोन आला तेव्हा मी इथे नाशिकला माझ्या अंथरुणात होते. माझ्या जागी स्टँडबायवरची, म्हणजे ऐनवेळी बोलावलं तर जायला तयार ठेवलेली, एक मुलगी उठून गेली. तिच्या लेकाचा दुसऱ्या दिवशी बालवाडीचा पहिला दिवस होता. मला वरिष्ठांकडून जे ऐकावं लागलं ते मी विसरले, ते पोर मात्र विसरले नाही.

तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मी तारीख लिहीत नाही, रात्र लिहिते. 'मंगळवारची रात्र, रिपोर्टिंग.' मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेतलं काहीही असलं की ते आदल्या दिवसाच्या चौकटीत जातं. तू पण तसंच कर, आणि परदेशी निघालेल्या नातेवाइकांची तिकिटं बघून देताना त्यांनाही तसंच लिहून दे. रात्री साडेबाराच्या विमानासाठी दुसऱ्या दिवशी विमानतळावर पोचलेली माणसं मी पाहिली आहेत.

नाशिक ते मुंबई

एकच नियम, आणि त्याला अपवाद नाही: रिपोर्टिंगच्या दिवशी नाशिकहून निघायचं नाही. आदल्या दिवशी निघायचं.

सकाळी सातच्या सुमारास पंचवटी एक्सप्रेस नाशिक रोडला येते. ती आपली सगळ्यात भरवशाची सोबत. दादरला उतरायचं, पश्चिम रेल्वेने अंधेरी. पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात धुकं, दरड, बंद पडलेला कंटेनर, यातलं काहीही चार तास खाऊ शकतं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, घाट टळला, इगतपुरीजवळच्या लांबच लांब बोगद्यातून गाडी सुसाट जाते. पण घाटात वाचलेली वेळ पुढे माणकोली ते माजिवड्यात जाते, हे माझे वडील दरवेळी गाडी चालवून आल्यावर सांगतात.

म्हणून मरोळ, चकाला, जे. बी. नगर या भागात दोनतीन क्रू मुलींबरोबर भाड्याची खोली घ्यायची. तिथे फक्त झोपायचं आहे. तेव्हा खोली बघायला जाताना दुपारी दोन वाजता जा आणि अर्धा तास नुसती बस. शेजारी बांधकाम चालू आहे का, खाली शाळा आहे का, ते कळतं. भाडं हजार-दोन हजार जास्त गेलं तरी शांत खोली घे. आपली खरी रात्र दुपारीच असते.

पगाराचं एक आत्ताच सांगते. ठरलेला भाग लहान आणि उड्डाणाच्या तासांवर, लेओव्हरवर म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामावर मिळणारा भाग मोठा, अशी रचना बहुतेक ठिकाणी असते. आजारी पडलीस, की तो दुसरा भाग आटतो. गाडीचा किंवा घराचा हप्ता ठरवताना फक्त ठरलेला भाग धर. माझ्या दोन मैत्रिणी हप्त्यापायी सर्दीत उडल्या. कान बंद असताना उडायचं नसतं. विमान उतरताना कानातला दाब मोकळा होत नाही आणि पडदा फाटू शकतो. त्यातली एक पुढे सहा आठवडे घरी बसली.

उडण्याआधी काय खायचं, काय नाही

ड्यूटीच्या दिवशी मिसळ नाही. नाशिकच्या मुलीला हे सांगताना मलाच वाईट वाटतं, पण नाही म्हणजे नाही. कारण समजून घे. विमान पस्तीस-अडतीस हजार फुटांवर असतं आणि आत दाब धरून ठेवलेला असतो, पण तो जमिनीइतका नसतो. आतली हवा जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्या, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी ठेवतात. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे राज्यातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही बऱ्याच वर आपण रात्रभर ट्रॉली ढकलत असतो. नव्या बोइंग ७८७ सारख्या विमानात ही उंची सहा हजार फुटांपर्यंत खाली आणली आहे. तिथे काम करून आलं की फरक अंगाला कळतो.

दाब कमी झाला की वायू फुगतो. बॅगेतलं चिवड्याचं बंद पाकीट टुम्म होतं ते याचसाठी, आणि पोटातही तेच चालू असतं. त्यामुळे मटकी, हरभरा, कोबी, सोड्याची बाटली हे सगळं परतीनंतर. मी निघण्याआधी मुगाची खिचडी, तूप आणि भाजलेला पापड खाते. सोबत दशम्या घेते. दशमी दोन दिवस टिकते, चुरा होत नाही आणि जंपसीटवर, म्हणजे दाराजवळच्या क्रूच्या घडीच्या सीटवर, बसून चार मिनिटांत खाता येते.

उड्डाणाआधी फुंकून ब्रेथ टेस्ट द्यावी लागते. दारूचा प्रश्नच नाही, पण माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब, खोकल्याची काही औषधं आणि घरी आजीच्या कपाटात असतं ते द्राक्षासव, या सगळ्यात अल्कोहोल असतं. घरच्यांना नीट बजावून ठेव. प्रेमाने कुणी चमचाभर पाजेल आणि नोकरीवर बेतेल.

आणि द्राक्षांचं. फेब्रुवारीत घरून पेटी भरून देतील, "तिकडच्या मैत्रिणीला दे" म्हणतील. अमेरिकेत ताजी फळं उतरवता येत नाहीत, ऑस्ट्रेलियात तर शेंगदाण्याचा लाडूसुद्धा कागदावर दाखवावा लागतो. क्रूला सूट नाही. द्राक्षं इथेच खा.

दार

प्रवाशांना वाटतं आपण जेवण वाढायला आहोत. आपण दारासाठी आहोत. आपल्याकडे साधारण पन्नास सीटमागे एक क्रू हवा असा नियम आहे, तो चहासाठी केलेला नाही. विमानाला मान्यता मिळवताना निम्मी दारं बंद आहेत असं धरून ९० सेकंदांत सगळी माणसं बाहेर काढून दाखवावी लागतात. तुझ्या वाट्याला येईल त्या दाराचा हिशेब त्या ९० सेकंदांत धरलेला आहे.

विमान धावपट्टीवर वळलं की जंपसीटवर मी पट्टा आवळते, पाठ आणि डोकं टेकवते, दोन्ही हात मांड्यांखाली ठेवते आणि मनात बोलते. तीस सेकंद लागतात. दार डावीकडचं. आर्म केलेलं आहे, म्हणजे उघडलं की घसरगुंडी फुगेल, मीच तपासलं. हँडल या दिशेला. उघडण्याआधी खिडकीतून बघायचं: आग आहे का, पाणी आहे का, काही अडकलं आहे का. नाही उघडलं तर लोकांना कुठे वळवायचं. समोरच्या तीन रांगांत दणकट कोण आहे. एकटं लेकरू कुठे आहे. हे मी अकरा वर्षांत एकदाही चुकवलं नाही. कधी दमलेली असते, कधी शेजारची गप्पा मारू बघते. तिला हाताने थांब म्हणते आणि पूर्ण करते.

नीरजा भनोतचं नाव तुला माहीत आहे. ५ सप्टेंबर १९८६ ला, कराचीत, मुंबईहून निघालेलं ते पॅन अॅमचं विमान जमिनीवर उभं असतानाच अपहरणकर्ते आत शिरले. क्रूने कॉकपिटला वेळेत इशारा दिला, वैमानिक बाहेर पडू शकले, आणि म्हणून ते विमान उडवून नेता आलं नाही. पुढे गोळीबार सुरू झाला तेव्हा प्रवाशांना बाहेर काढताना ती गेली. तेवीस वर्षांची व्हायला दोन दिवस कमी होते. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. मला त्या गोष्टीतला पहिला इशारा सगळ्यात जास्त आठवतो. काही सेकंदांचं काम होतं, आणि कुणीतरी त्या सेकंदांत जागं होतं.

रोजच्या कामात जागं राहणं म्हणजे काय, त्याची दोन उदाहरणं देते. कुणाचा फोन सीटच्या फटीत पडला, तर पहिलं वाक्य: "सीट हलवू नका." सीट मागेपुढे केली की फोन यंत्रात चिरडतो आणि बॅटरी पेट घेते. आपण सीट रिकामी करून हाताने शोधायचा. आणि हादरे सुरू झाले, की ट्रॉलीचा ब्रेक लाव, गरम किटली आत टाक, जवळची रिकामी सीट मिळाली तर बस, नाहीतर खाली बसून सीटचा दांडा धर. "एवढ्या दोन रांगा उरकते" म्हणणारी माझी सहकारी घोटा मोडून उतरली. आकाश निरभ्र असतानाही हादरे बसतात, खिडकीतून बघून ते कळत नाही.

माणसं

लांबच्या फ्लाइटवर आपली मराठी माणसं खूप असतात, आणि त्यातली बरीचशी आई-बाबा असतात: मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या, नातवाला सांभाळायला निघालेले. पहिल्यांदाच विमानात बसलेली. त्यांना इंग्रजी कळतं की नाही हा मुद्दा नसतो. ते लाजतात. "काही नको" म्हणतात आणि दहा तास पाणी पीत नाहीत, कारण पाणी प्यायलं तर संडासला जावं लागेल, आणि तिथलं दार कसं उघडतं ते माहीत नाही, विचारायचं कसं ते कळत नाही.

म्हणून बोर्डिंग संपल्यावर अशा आजी-आजोबांपाशी दोन मिनिटं गुडघ्यावर बस. उभ्याने विचारू नकोस. मराठीत विचार, "आजी, कुठून आलात?" निफाड म्हणाल्या, पिंपळगाव म्हणाल्या, की "मी नाशिकची" म्हण, पुढचं त्याच बोलतात. मग स्वतः बरोबर घेऊन संडास दाखव. दार मधोमध दाबलं की घडी होतं. कडी सरकवल्यावरच दिवा पूर्ण लागतो, हे कुणी सांगत नाही, आणि म्हातारी माणसं अंधुक उजेडात चाचपडत बसतात. फ्लश दाबला की मोठा आवाज होतो, घाबरायचं नाही. एवढं केलंस की त्या पाणी पितील. केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता दहा-वीस टक्क्यांवर येते. पाणी न पिता पाय लोंबकळत ठेवून बसलं की घोट्यावर सूज येते आणि रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो. बसल्या जागी टाचा वरखाली करायला लाव.

मग विचारायचं: गोळ्या कुठे आहेत? चेक-इन बॅगेत म्हणाल्या तर तिथल्या तिथे तुझ्या सीनियरला सांग.

एका मे महिन्यातली गोष्ट. दुपारी अडीचचं लंडनचं विमान, खिडकीत एक आजी. नऊवारी, स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी. जेवणाचा ट्रे मी पुढे केला, त्यांनी हाताने थांबवलं. "आज संकष्टी आहे गं. चंद्र दिसल्यावर." पिशवीतून त्यांनी एक कागद काढला, मुलाने लिहून दिलेला, मोठ्या अक्षरात: सकाळी पांढरी अर्धी. रात्री जेवल्यावर गुलाबी. आणि मला विचारलं, "रात्र कधी होईल?"

मी खिडकीकडे बघितलं. आपण पश्चिमेला जात होतो, सूर्याच्या मागे मागे. त्या विमानात रात्र होणारच नव्हती. लंडनला उतरताना संध्याकाळचे साडेसात, बाहेर लख्ख उजेड. तिकडे उन्हाळ्यात संकष्टीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास वर येतो, म्हणजे आपल्या घड्याळात पहाट. सकाळी थोडी साबुदाण्याची खिचडी खाऊन निघालेली सत्तरीची बाई आणखी इतके तास उपाशी राहणार आणि गुलाबी गोळी लांबणार.

उपास कसा सोडायचा हे सांगणारी मी कोण? गोळी कधी घ्यायची हेही आपण सांगायचं नसतं, ते डॉक्टरचं काम. पण विचारता येतं. मी विचारलं, "आजी, घरी नाशिकला आज चंद्रोदय किती वाजता?" त्यांना पाठ होतं. "दहा बारा." दहा वाजून बारा मिनिटं. त्यांच्या मनगटावर जुनं किल्लीचं घड्याळ होतं, नाशिकच्या वेळेवरच. मी म्हटलं, "घरी सूनबाई दहा बाराला नैवेद्य दाखवतील ना? तुमचं घड्याळ तर घरचीच वेळ दाखवतंय." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू मला दहाला सांगशील?"

त्यांचा ट्रे मी गरम न करता चिलरमध्येच ठेवला. एकदा गरम केलेलं जेवण तासन् तास ठेवता येत नाही, हे लक्षात ठेव. वर त्यांचा सीट नंबर चिकटवला आणि आमच्या सुपरवायझरच्या कानावर घातलं, म्हणजे माझी विश्रांतीची पाळी आली तरी कुणी तो उचलू नये. दहाला ओव्हनमध्ये घातला. दहा बाराला नेला तेव्हा खिडकीतून ऊन त्यांच्या हातावर पडलं होतं. त्यांनी आधी घड्याळाकडे बघून हात जोडले, पाण्याचे थेंब ताटाभोवती फिरवले आणि वरणभाताचा पहिला घास घेतला. मग कागद उघडून गुलाबी गोळी शोधली.

प्रत्येक वेळी संकष्टी नसते. कधी रोजा असतो, कधी पर्युषण, कधी इन्सुलिन घेणारे काका, ज्यांचं जेवण आपण उशिरा नेलं तर त्यांना घाम फुटेल. प्रश्न एकच असतो: तुमच्या शरीराचं घड्याळ आत्ता कुठे आहे? विचारत जा.

चहाबद्दलही थोडं, कारण तक्रारी त्याच्याच जास्त. त्या उंचीच्या हवेत पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पत्तीचा अर्क नीट उतरत नाही. शिवाय तिथे गोड आणि खारट चव जिभेला कमी लागते. म्हणून पिशवी पाच मिनिटं राहू दे, मगच दूध घाल. साखर एक जास्तीची ठेव. घाईने पांढरं पाणी देऊ नकोस. बाराव्या तासाला मिळालेला नीट चहा माणूस उतरताना आठवणीने बोलून दाखवतो.

रात्री कुणी चक्कर येऊन पडलं तर उचलून बसवायची घाई करू नकोस, सगळे शेजारी तेच करू पाहतात. आडवंच ठेव, पाय उंच कर, श्वास बघ, ऑक्सिजन मागव, प्रवाशांत डॉक्टर आहे का ते विचारायला लाव. १९३० मध्ये जगातली पहिली हवाई सुंदरी म्हणून कामावर घेतली गेली ती एलन चर्च मुळात परिचारिका होती. ट्रेनिंगमधला प्रथमोपचाराचा भाग मन लावून कर.

झोप

ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे आणि ती कुणी शिकवत नाही.

विमानातली झोप बंकमध्ये. बोइंग ७७७ वर शेवटच्या गॅलीजवळच्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराजवळच्या, छोट्या दारातून अरुंद जिना वर जातो, छताखाली एकाशेजारी एक बिछाने. उठून बसता येत नाही इतकं कमी उंच. पहिल्यांदा गुदमरल्यासारखं होईल. पट्टा पांघरुणाच्या वरून लाव, म्हणजे हादऱ्यांत कुणाला तपासायला तुला उठवावं लागणार नाही. बूट काढ, पायमोजे जाड घाल, तिथे गार असतं. झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडून राहा, फोन काढू नकोस. आणि खाली यायच्या वीस मिनिटं आधीचा गजर लाव. गाढ झोपेतून उठून लगेच दाराची जबाबदारी घ्यायची नसते, डोकं जागेवर यायला तेवढा वेळ लागतो.

हॉटेलवर पोचलीस, की पहिलं काम कपड्याचे चिमटे. मी घरच्या दोरीवरचे चार लाकडी चिमटे बॅगेत ठेवते. पडद्यांच्या मधली फट त्यांनी बंद करायची. तेवढी एक उजेडाची रेघ तीन तासांची झोप घालवते. टॉवेल ओला करून खुर्चीवर टाक, खोलीतली हवा मऊ राहते. मग तिथल्या कागदावर मोठ्या अक्षरात लिही: शहर, खोली नंबर, पिकअप किती वाजता आणि कुठल्या वेळेप्रमाणे. तो कागद दिव्याला टेकवून ठेव. अंधारात दचकून उठल्यावर आपण कुठल्या देशात आहोत हे खरंच कळत नाही, आणि घाबरलेलं मन पुन्हा झोपत नाही. कागद वाचला की झोपतं.

चोवीस-तीस तासांचा लेओव्हर असेल तर तिथल्या वेळेशी जुळवून घ्यायचा प्रयत्नच करू नकोस. नाशिकच्याच वेळेवर जेव, नाशिकच्याच वेळेवर झोप. शरीर दिवसाला जेमतेम तासभर सरकतं, आणि न्यूयॉर्क आपल्याहून साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. ते अंतर एका दिवसात कापता येत नाही. तीन दिवसांचा मुक्काम असेल तर मात्र उठल्याबरोबर बाहेर पड, उजेडात चाल. पूर्वेकडे जाणं पश्चिमेकडे जाण्यापेक्षा जड जातं, कारण लवकर झोपणं उशिरा झोपण्यापेक्षा अवघड. म्हणून तिकडून परत येतानाच आपण जास्त आजारल्यासारख्या दिसतो. कॉफीचा निम्मा असर पाच-सहा तासांनीही अंगात असतो, तेव्हा शेवटचा कप कधी घ्यायचा ते झोपेच्या वेळेवरून उलटं मोजून ठरव.

परत

पंधरा तासांच्या फ्लाइटनंतर स्वतः गाडी चालवत नाशिकला येऊ नकोस. हे मी हात जोडून सांगते. एकदा मी तसं केलं, आणि कसाऱ्याच्या पुढचं एक वळण मला आजही आठवत नाही. गाडी घरी पोचली, मी पोचले, पण तो रस्ता माझ्या डोक्यात नाही. त्या दिवसानंतर मरोळच्या खोलीत आधी झोपते, मग ट्रेन पकडते. आता स्टेशनवर न्यायला वडील येतात.

घरच्यांना पहिला दिवस मागून घे. आधीच सांग, भांडण होण्याची वाट बघू नकोस. "आत्ताच तर झोपून उठलीस," असं आई म्हणेल, कारण तिच्या घड्याळात सकाळचे अकरा असतात. मी आईला रोस्टर दोन रकान्यांत लिहून देते: एकात मी कुठे, दुसऱ्यात माझ्या अंगाला किती वाजलेत. दुसरा रकाना वाचून ती ठरवते, कुकर लावायचा की थांबायचं. मावशीला घरी बोलवायचं ते तिसऱ्या दिवशी.

सण चुकतील. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे आपल्याकडच्या रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, उडी मारायला मी अकरा वर्षांत तीनदाच होते. सुट्टीचा अर्ज रोस्टर पडण्याच्या बऱ्याच आधी टाक, आणि सगळे सण मागू नकोस, एकच माग, म्हणजे मिळतो. मी रंगपंचमी मागते. माझ्याबरोबरची केरळची मुलगी ओणम मागते, तेव्हा तिची फ्लाइट मी घेते.

आणि चाकं जमिनीला लागल्यावर, दारं डिसआर्म झाल्यावर, शेवटची व्हीलचेअर गेल्यावर घरी एक शब्द पाठव: 'उतरले'. मी पाठवते तेव्हा नाशिकमध्ये कधी पहाटेचे तीन असतात. आईचा फोन आवाज बंद करून ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी असतो. नळाला पाणी सव्वापाचला येतं. पाणी भरायला उठली की ती आधी फोन उलटा करून बघते, मग नळ सोडते.